चोवीसचा हट्ट

'सिनेमॅटिक' हा शब्द आज आपल्याकडे सगळ्यात जास्त कुणाच्या तोंडी असेल, तर तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या. साधं शूटिंग वेगळं, सिनेमॅटिक वेगळं, आणि अर्थातच दरही वेगळे. नेमका फरक काय, असं विचारलं तर उत्तर थोडं गडबडतं. मागचं सगळं धूसर दिसतं, हालचालीला एक प्रकारचा जडपणा असतो, चेहरे नारिंगीकडे झुकतात, सावल्या निळसर-हिरव्या होतात, काळा रंग पूर्ण काळा नसतो. कॅमेरा घ्यायला निघालेल्या मुलाला हेच सेटिंगच्या भाषेत सांगितलं जातं: फ्रेम रेट २४ किंवा २५, शटर १/५०, सेन्सर जितका मोठा तितका बरा, चित्रीकरण 'लॉग'मध्ये, आणि संकलनात वर एक 'लट' चढवायची. (ही लट केसांची नव्हे. रंग कसे बदलायचे याचा तो एक तक्ता असतो. एलयूटी या आद्याक्षरांचा उच्चार सगळे असाच करतात.)

गंमत अशी, की या यादीतल्या बहुतेक गोष्टी कुणी सौंदर्यासाठी शोधलेल्या नाहीत. त्यातल्या काही काटकसरीतून आल्या, काही यंत्रांच्या मर्यादांमधून, आणि एकदोन तर कॅमेरामन मंडळी ज्यांच्याशी आयुष्यभर झगडली अशा अडचणी आहेत. त्या अडचणी गेल्यावर लोकांना त्यांची आठवण येऊ लागली, आणि मग त्या परत मिळवण्यासाठी पंचवीस-तीस वर्षं भलताच आटापिटा झाला.

सुरुवात २४ या आकड्यापासून. मूकपटांच्या काळात असा काही पवित्र आकडा नव्हता. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, तो हाताने फिरवायचा होता. वेग मनगटात असे. दृश्य पळापळीचं असेल तर दांडा सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं चपळ दिसत. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली ती तर थांबून थांबून, एकेक चौकट घेत. लुमिएर बंधूंची चित्रं सेकंदाला साधारण १६ चौकटींनी चालत, तर एडिसनचा आग्रह चाळिसाच्या वरच्या वेगाचा होता. पुढे वेग हळूहळू वाढत गेला, कारण चित्रगृहांचे मालक घाईत असत. प्रोजेक्टर जरा जोरात पळवला की दिवसात एखादा जादा खेळ बसतो.

मग आवाज आला. चित्राचा वेग थोडा हलला तर डोळा सांभाळून घेतो, कान सांभाळून घेत नाही. सूर लगेच चढतो किंवा उतरतो. त्यामुळे १९२६-२७ मध्ये वॉर्नर ब्रदर्स आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांची व्हायटाफोन पद्धत आली तेव्हा एक वेग कायमचा ठरवणं भाग पडलं. चांगल्या चित्रगृहांत फिल्म तेव्हा जवळपास ज्या वेगाने पळत होती तोच मुक्रर झाला: मिनिटाला ९० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. नव्वद गुणिले सोळा म्हणजे १४४०, भागिले साठ म्हणजे २४. इतका साधा हिशेब आहे. याहून कमी वेग ठेवला तर आवाजाचा दर्जा घसरत होता. जास्त ठेवला तर फिल्म जास्त लागत होती, आणि फिल्म महाग होती. मानवी डोळ्याला चोवीसच का सुखावतात यावर लोक मोठमोठी विवेचनं करतात. पण आकडा आला तो फुटांच्या भावातून.

चोवीस चित्रांनी पडदा लुकलुकतो, म्हणून प्रोजेक्टरच्या झडपेला दोन पाती बसवून प्रत्येक चौकट दोनदा दाखवत. कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे फिरती अर्धवर्तुळाकार चकती. निम्मा वेळ उघडी, निम्मा वेळ बंद. सेकंदाचा चोविसावा भाग, त्याचा निम्मा म्हणजे १/४८. तेवढ्या वेळात हात हलला तर तो चौकटीवर थोडा पुसटल्यासारखा उमटतो. आज कॅमेऱ्यात १/५० शटर ठेवा म्हणून जे सांगतात, ते त्या फिरत्या चकतीचं भूत आहे.

या सगळ्याला 'सिनेमासारखं दिसणं' असं कुणी म्हणत नव्हतं, कारण तुलनेला दुसरं काही नव्हतंच. तुलना सुरू झाली ती टीव्हीमुळे. टीव्हीची चौकट एका दमात येत नसे. आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या ओळी, अशा दोन हप्त्यांत ती रंगवली जाई. विजेच्या वारंवारतेशी मेळ राहावा म्हणून अमेरिकेत असे हप्ते सेकंदाला साठ होते, आपल्याकडे आणि युरोपात पन्नास. व्हिडिओ कॅमेरा प्रत्येक हप्त्याला नवा क्षण टिपतो. म्हणजे हालचालीच्या बाबतीत व्हिडिओ फिल्मच्या दुपटीहून अधिक माहिती देत होता. खरं तर तो जास्त चांगला होता. आणि तरीही स्वस्त दिसत होता.

याचा पहिला ठळक पुरावा १९६०-६१ मधला आहे. रॉड सर्लिंगच्या 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेच्या दुसऱ्या वर्षात खर्च वाचवण्यासाठी सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित झाले. टेपवर संकलन जिकिरीचं होतं, कॅमेरे अवजड असल्याने स्टुडिओबाहेर पडता येत नव्हतं, आणि चित्र सपाट, थेट प्रक्षेपणासारखं दिसत होतं. सहा भागांनंतर मंडळी निमूट फिल्मकडे परतली. आजही ती मालिका ओळीने पाहताना हे सहा भाग अचूक ओळखू येतात. लेखक तोच, निवेदक तोच, पण गूढ कुठेतरी सांडून गेलेलं. भुताची गोष्ट शेजारच्या खोलीत खरोखरच घडते आहे असं वाटू लागलं की ती भुताची राहत नाही.

ब्रिटनमध्ये बीबीसीच्या कार्यक्रमांत अनेक वर्षं खोलीतली दृश्यं व्हिडिओवर आणि बाहेरची १६ मिलिमीटर फिल्मवर घेत. पात्र दार उघडून अंगणात आलं की जगाचा पोतच बदले. प्रेक्षक त्याला इतके सरावले होते, की माँटी पायथनवाल्यांनी त्यावर विनोद केला. दाराबाहेर पाऊल टाकताच पात्रांना कळतं की आपण फिल्मवर आहोत, आणि ती घाबरून आत पळतात. इमारतीला फिल्मने वेढा घातलेला असतो.

आपल्याकडेही ही विभागणी न शिकवता कळलेली होती. दूरदर्शनवर बातम्या, 'हम लोग'सारख्या मालिका, क्रिकेट हे एका प्रकारचं दिसे आणि सिनेमा दुसऱ्या प्रकारचा. पन्नास हप्त्यांच्या देशांत फिल्म टीव्हीवर दाखवताना सरळ २५ च्या वेगाने पळवत, त्यामुळे तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधी संपे आणि गाणी किंचित चढ्या स्वरात वाजत. पण फरक तरीही राहायचा. नंतर घरोघरी लग्नाच्या कॅसेटी आल्या. खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा, सोबत डोळे दिपवणारा हॅलोजन, आणि तांदूळ टाकणाऱ्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत जाणारी लांबच लांब दृश्यं. व्हिडिओ म्हणजे जे घडलं ते; सिनेमा म्हणजे जे सांगितलं ते. माझ्या मते हा फरक डोळ्यांपेक्षा सवयीत जास्त आहे. पन्नास वर्षं आपण सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी एका पोताच्या चित्रांतून ऐकल्या, आणि बाजारभाव दुसऱ्या. त्यामुळे ज्याच्याकडे फिल्मचे पैसे नव्हते त्याची गोष्ट सुरू होण्याआधीच बाजारभावासारखी ऐकली जाई. सिनेमॅटिक दिसण्याच्या हव्यासाला आपण हसतो, पण त्यामागे हा अपमान होता.

१९९५ च्या सुमारास डीव्ही कॅसेटवाले छोटे डिजिटल कॅमेरे आले तेव्हा हा प्रश्न पेटला. हजार फुटांचं फिल्मचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. डीव्हीची कॅसेट तासभर चालते आणि शर्टाच्या खिशात मावते. डेन्मार्कच्या डॉग्मे मंडळींनी यातून एक बेदरकार वाट काढली. त्यांच्या १९९५ च्या नियमांत चित्रपट ३५ मिलिमीटरचा असावा असं स्पष्ट होतं. मग त्यांनी अर्थ लावला, की तो नियम दाखवण्याच्या प्रतीला लागू, चित्रीकरणाला नाही! टॉमस विंटरबर्गचा 'फेस्टेन' (१९९८) सोनीच्या तळहातावर मावणाऱ्या हँडीकॅमवर चित्रित झाला. घरच्या समारंभात एक मुलगा बापाचं दुष्कृत्य सगळ्यांसमोर उघडं करतो, अशी ती गोष्ट. अशा गोष्टीला घरगुती व्हिडिओचं रूप किती नेमकं होतं! त्यांनी व्हिडिओ लपवला नाही, वापरला. कानला त्या चित्रपटाला ज्यूरी पारितोषिक मिळालं.

'फेस्टेन'चा कॅमेरामन अँथनी डॉड मँटल नंतर डॅनी बॉयलकडे गेला. '२८ डेज लेटर'साठी (२००२) ओस पडलेलं लंडन हवं होतं, आणि तिथले रस्ते पहाटे थोडा थोडा वेळच अडवता येणार होते. त्यांनी कॅननचे एक्सएल१ जातीचे हलके कॅमेरे एकाच वेळी अनेक ठिकाणी लावले आणि काम उरकलं. चित्र खरखरीत, कडा तुटलेल्या. जग संपल्यावर असंच दिसेल असं वाटायला लावणारं. शेवटचा आशादायी प्रसंग मात्र ३५ मिलिमीटर फिल्मवर घेतला आहे. आशा दाखवायची तर फिल्म हवी, हे त्यांनाही वाटलंच.

या काळात अमेरिकेतले होतकरू दिग्दर्शक एक विचित्र गोष्ट करत होते. ते युरोपातले, म्हणजे आपल्याही पद्धतीचे, पाल कॅमेरे मागवत. कारण पन्नास हप्ते जोडले की २५ चौकटी होतात, आणि २५ हे २४ च्या शेजारी. साठ हप्त्यांच्या अमेरिकन कॅमेऱ्यातून चोवीसकडे येणं फार ओबडधोबड होई. मुंबई-पुण्याच्या दुकानात सहज मिळणारा कॅमेरा लॉस एंजेलिसमधल्या मुलाला सिनेमाच्या जास्त जवळचा वाटत होता, आणि इथल्या मुलांना त्याची कल्पनाही नव्हती.

मोठ्यांचा प्रश्न आधी सुटला. सोनीचा सेकंदाला २४ पूर्ण चौकटी टिपणारा हाय-डेफिनिशन कॅमेरा वापरून जॉर्ज लुकासने 'स्टार वॉर्स'चा २००२ मधला भाग केला. त्याच वर्षी पॅनासॉनिकने डीव्हीएक्स१०० बाजारात आणला, आणि माझ्या लेखी खरी घटना ही होती. किंमत साधारण चार हजार डॉलर. कॅसेट तीच, चित्राची स्पष्टता तीच जुनी, पण आत २४ पूर्ण चौकटींची सोय आणि उजेड-सावलीचा उतार फिल्मसारखा मऊ करणारं एक सेटिंग. चित्र अधिक स्पष्ट झालं नव्हतं. हालचालीतली माहिती उलट कमी झाली होती. आणि लोक त्यावर तुटून पडले. जेम्स लाँगली हा माहितीपटकार हा कॅमेरा घेऊन युद्धानंतरच्या इराकमध्ये दोन वर्षं फिरला आणि 'इराक इन फ्रॅगमेंट्स' (२००६) घेऊन आला. सनडान्स महोत्सवात त्याला दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन अशी तिन्ही पारितोषिकं मिळाली. बगदादमधल्या गॅरेजात काम करणारा पोरगा त्यात बातमीतला वाटत नाही, गोष्टीतला वाटतो. फिल्मवर हे अशक्यच होतं. नुसतं शंभर तास चित्रीकरण धरलं तरी पाचशेहून जास्त रिळं लागली असती.

हालचाल जमली, पण मागचं धूसर होईना. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम पाच मिलिमीटर रुंद, फिल्मची चौकट त्याच्या पाचपट. लहान सेन्सरवर नाकापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळंच रेखीव येतं. यावर निघालेला उपाय आज कुणाला सांगितला तर खोटा वाटेल. व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे एक नळकांडं जोडायचं, त्यात घासून दुधी केलेली काच. तिच्यापुढे स्थिर छायाचित्रणाची मोठी लेन्स. लेन्स काचेवर चित्र पाडणार आणि व्हिडिओ कॅमेरा त्या काचेचं चित्रण करणार! काचेचे कण दिसू नयेत म्हणून ती मोटरने फिरवत किंवा थरथरवत. प्रकाश बराचसा वाटेतच संपे. चित्र उलटं दिसे, म्हणून कित्येक जण पडदाच उलटा टांगून काम करत. जर्मनीच्या पी+एस टेक्निकने महागडं यंत्र काढलं, मग लेटस, रेडरॉक अशी स्वस्त नावं आली, आणि सीडी प्लेअरची मोटर काढून घरी बनवणारेही निघाले.

सप्टेंबर २००८ मध्ये कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला, आणि ती नळकांडी बघता बघता अडगळीत गेली. हा फोटोग्राफरांचा कॅमेरा. व्हिडिओची सोय वृत्तछायाचित्रकारांसाठी सहज म्हणून घातलेली. सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे सिनेमाच्या चौकटीपेक्षाही मोठा. फोटोग्राफर व्हिन्सेंट लाफोरेने त्यावर केलेला 'रेव्हरी' हा रात्रीचा छोटा चित्रपट इंटरनेटवर गाजला. पण कंपनीने सुरुवातीला फक्त ३० चौकटींचा वेग दिला होता, आणि उजेडाचं नियंत्रणही हातात नव्हतं. छिद्र हवं तेवढं ठेवण्यासाठी लोक एक बटण दाबून धरत आणि लेन्स अर्धी फिरवून सैल करत, म्हणजे कॅमेऱ्याचा तिच्याशी संपर्क तुटे. २००९ च्या जूनमध्ये नियंत्रणं मिळाली, आणि २०१० च्या मार्चमध्ये अखेर चोवीस. त्याच वर्षी 'हाउस' या अमेरिकन मालिकेच्या हंगामाचा शेवटचा भाग या कॅमेऱ्यावर चित्रित झाला.

इथूनच धूसरतेची साथ आली, आणि ती अजून ओसरलेली नाही. वाईट याचं वाटतं, की सिनेमाचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. जुनी फिल्म प्रकाशाला मंद होती, त्यामुळे छिद्र मोठं उघडावं लागे आणि मागचं विरघळे. ती अडचण होती. ग्रेग टोलंडने 'सिटिझन केन'मध्ये (१९४१) जवळची आणि लांबची माणसं एकाच चौकटीत रेखीव ठेवण्यासाठी जिवाचं रान केलं. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधल्या (२०१४) लांबून घेतलेल्या स्थिर चौकटी आठवा. न्यायाधीश, वकील, कारकून, मागच्या बाकावरचे कंटाळलेले लोक, सगळे एकदम दिसतात आणि कुठे बघायचं ते आपण ठरवतो. मागचं पुसून टाकलं असतं तर तो चित्रपटच पुसला गेला असता. आणि ज्या गोष्टीने चित्र खरोखर बदलतं ती कॅमेऱ्याच्या यादीत नसतेच. 'अपराजितो'साठी (१९५६) सुब्रत मित्रांनी स्टुडिओतल्या बनारसी घराच्या चौकावर कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून परतलेल्या उजेडात काम केलं, कारण अशा चौकात आकाशातून उतरणारा उजेड तसाच असतो. कापडाला मेन्यू नसतो.

रंगांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कोडॅकने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिल्म संगणकात घेण्यासाठी सिनिऑन पद्धत काढली. निगेटिव्हमधली सावलीपासून लख्ख उजेडापर्यंतची सगळी माहिती मावावी म्हणून तिच्यात आकडे लॉगरिदमच्या पट्टीवर साठवत. असं चित्र फिकट, राखाडी दिसतं. ते पाहायचं नसतं, त्यातून घडवायचं असतं. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' (२०००) मध्ये रॉजर डीकिन्सने सबंध चित्रपट असा संगणकातून काढला आणि मिसिसिपीचं हिरवंगार रान वाळलेल्या गवताच्या रंगाचं केलं. तेच 'लॉग' पुढे कॅमेऱ्यात आलं. पण स्वस्त कॅमेरे रंगाच्या २५६ पायऱ्याच ठेवत. लॉगमध्ये दाबलेलं चित्र संकलनात ताणलं की निरभ्र आकाशात पट्टे उमटत. १० बिटवाल्या कॅमेऱ्यात १०२४ पायऱ्या असतात, तिथे लॉगला अर्थ आहे. नाहीतर साध्या प्रोफाइलमध्ये उजेड नीट मोजून घेतलेलं चित्र बरं. वर्षानुवर्षं लोकांनी उलट केलं, आणि वर ते फिकटपण तसंच ठेवून त्यालाही सिनेमॅटिक म्हटलं.

मधल्या काळात डॉड मँटल मुंबईत येऊन गेला होता. 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी (२००८) धारावीच्या गल्ल्यांतून पोरांमागे पळायला त्याने एसआय-२के हा डिजिटल कॅमेरा निवडला: हातात फक्त लेन्स आणि डोकं, साठवणारं यंत्र पाठीवरच्या पिशवीत. बहुतांशी डिजिटल चित्रीकरण असलेल्या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर पहिल्यांदाच मिळालं ते हे. आपल्याकडच्या नवख्यांना आणखी एक अडचण असते. इथले दिवे पन्नास हर्ट्झवर चालतात. २४ चौकटी आणि १/४८ शटर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लाटा मारतं. म्हणून शटर १/५० वर, म्हणजे जुन्या चकतीच्या भाषेत १७२.८ अंशांवर ठेवायचं, किंवा सरळ २५ चौकटींवर काम करायचं.

चोवीसची चौकट मोडायचा प्रयत्न मोठ्या माणसांनी केला. पीटर जॅक्सनने 'द हॉबिट' (२०१२) ४८ चौकटींवर केला, आंग लीने 'बिली लिन' (२०१६) १२० वर. तंत्र म्हणून दोन्ही बिनतोड. पण हॉबिटची घरं सेट दिसू लागली, दाढ्या चिकटवलेल्या वाटू लागल्या, आणि लोक म्हणाले, ही तर दुपारची मालिका झाली. ट्वायलाइट झोनच्या वेळी म्हणत होते तेच.

आता कॅमेऱ्याचा प्रश्न जवळपास संपला आहे. ग्रेग फ्रेझरने 'ड्यून' (२०२१) डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला, मग सगळा चित्रपट फिल्मवर उतरवला आणि ती फिल्म पुन्हा स्कॅन करून संगणकात घेतली. फक्त तो पोत यावा म्हणून. तोच फ्रेझर 'द क्रिएटर'च्या (२०२३) दोन छायाचित्रकारांपैकी एक. ऐंशी दशलक्ष डॉलरचा तो चित्रपट सोनीच्या एफएक्स३ वर झाला, ज्याची किंमत चार हजार डॉलरच्या आसपास आहे. डीव्हीएक्स१०० इतकीच.

आणि हा सगळा खटाटोप जिथे पाहिला जातो त्या बैठकीच्या खोलीतला टीव्ही कित्येकदा कारखान्यातूनच असा सेट होऊन येतो, की तो दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या चौकटी बनवून घालतो. क्रिकेटला छान. सिनेमाचा मात्र क्षणात व्हिडिओ होतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वेरीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ काढला आणि हे बंद करा म्हणून विनवणी केली. हे सेटिंग सोनीच्या टीव्हीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन आणि सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाखाली, बहुधा चित्राच्या मेन्यूत दोन-तीन पायऱ्या आत सापडतं.